न उमटलेला इशारा : युबरलिंगेन, १ जुलै २००२

त्या रात्री झुरिकच्या हवाई वाहतूक नियंत्रण केंद्रात एक कंट्रोलर दोन खुर्च्या सांभाळत होता. खुर्च्या शेजारी-शेजारी, पण पडदे वेगळे आणि रेडिओची फ्रिक्वेन्सीही वेगळी. एका पडद्यावर स्वित्झर्लंडच्या उत्तर भागावरून आणि दक्षिण जर्मनीच्या एका पट्ट्यावरून उंच जाणारी विमानं. दुसऱ्यावर फ्रीडरिश्सहाफेन या लहान विमानतळावर उतरायला आलेलं एक एअरबस, तेही उशिराने, ध्यानीमनी नसताना. या विमानाशी बोलायचं तर त्या खुर्चीवर जायचं, त्या विमानांशी बोलायचं तर या खुर्चीवर यायचं.

रात्री ११ वाजून ३५ मिनिटं ३२ सेकंदांनी, कॉन्स्टन्स सरोवराच्या काठावरच्या युबरलिंगेन गावाजवळ, सुमारे ३४,९०० फुटांवर दोन विमानं एकमेकांवर आदळली. एक बश्किरियन एअरलाइन्सचं तुपोलेव १५४, मॉस्कोहून बार्सिलोनाला निघालेलं. त्यात ६९ माणसं, आणि त्यातली बहुतेक उफा शहरातली सुट्टीला निघालेली शाळकरी मुलं. दुसरं डीएचएलचं मालवाहू बोइंग ७५७, इटलीतल्या बेर्गामोहून ब्रसेल्सला चाललेलं, त्यात दोन वैमानिक. ७१ पैकी कुणीही वाचलं नाही.

हा अपघात सांगताना बहुतेकदा एकच प्रश्न पुढे येतो: वैमानिकाने जमिनीवरच्या माणसाचं ऐकायचं की विमानातल्या यंत्राचं? तो प्रश्न मोठाच आहे आणि त्याच्याकडे मी येणार आहे. पण मी नियंत्रणकक्षांचे पडदे आखणाऱ्यांच्या धंद्यातला माणूस. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त छळतो तो कंट्रोलरच्या समोरचा पडदा. त्यावर काय दिसत होतं त्यापेक्षा काय दिसायचं बंद झालं होतं, आणि बंद झाल्याचं त्याला कळायला वाट होती का, हे मला महत्त्वाचं वाटतं.

पडद्यावरचं आकाश

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कंट्रोलरच्या रडार पडद्यावर प्रत्येक विमान म्हणजे एक ठिपका आणि त्याला चिकटलेली एक छोटी पाटी. पाटीवर विमानाचं नाव, उंची, वेग. उंची शेकड्यांत लिहितात: ३६० म्हणजे ३६,००० फूट. पाटी दर काही सेकंदांनी ताजी होते. शेजारी प्रत्येक विमानाची कागदी पट्टी असते, तिला सगळे स्ट्रिपच म्हणतात. दिलेली प्रत्येक परवानगी तिच्यावर पेनने खरडायची.

आकाश तीन मितींचं असलं तरी पडदा सपाट. वर-खाली अंतर राखून जाणारी दोन विमानं पडद्यावर एकमेकांवरून गेलेली दिसतात आणि त्यात काहीही वावगं नसतं. तशीच दिसणारी दुसरी दोन विमानं एकाच उंचीवर असतील तर मृत्यू समोर उभा असतो. चित्र सारखंच, फरक फक्त पाटीवरच्या एका आकड्याचा. हा आकडा वाचून मनात उंची उभी करायची, हे कंट्रोलरचं खरं कसब. वर्षानुवर्षं केल्याने ते अंगवळणी पडतं, पण त्यासाठी डोळे पडद्यावर असावे लागतात.

डोळे नसतील तेव्हासाठी एक सोय केलेली असते: शॉर्ट टर्म कॉन्फ्लिक्ट अलर्ट, बोलताना एसटीसीए. दोन विमानांचे मार्ग पुढे काढून बघायचे, ती धोकादायक जवळ येणार असतील तर पाट्या पडद्यावर उठून दिसतील अशा करायच्या आणि भोंगा वाजवायचा. कंट्रोलर चुकलाच तर मागून कुणीतरी खांद्याला हात लावावा, तशी ही सोय.

त्या रात्री चाललेलं काम

झुरिक केंद्र स्कायगाइड या स्विस कंपनीच्या ताब्यात होतं. हवाई हद्दीची विभागणी बदलायची होती आणि त्यासाठी संगणकांवर काम काढलेलं होतं. असं काम रात्रीच करतात, कारण रात्री वाहतूक कमी असते. या निर्णयात काही चुकीचं नाही. आपल्याकडे रेल्वेचे मेगाब्लॉकही गर्दी कमी असेल तेव्हाच घेतात.

कामासाठी मुख्य रडार यंत्रणा पर्यायी मोडवर टाकली होती. त्यामुळे तीन गोष्टी बदलल्या. ठिपका आणि उड्डाणाची नोंद आपोआप जोडली जाण्याची सोय गेली. दोन विमानांत ठेवायचं किमान आडवं अंतर ५ सागरी मैलांवरून ७ वर नेलं गेलं. आणि एसटीसीएचा पडद्यावर दिसणारा इशारा बंद झाला. भोंगा तेवढा चालू राहिला.

याच वेळी शेजारच्या केंद्रांशी जोडणारी थेट फोनलाइनही कामासाठी बंद केली होती. तिच्या जागी एक पर्यायी फोन होता. त्यात बिघाड होता आणि ते आधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

रात्रपाळीला दोन कंट्रोलर होते. वाहतूक ओसरली की एकाने विश्रांतीला जायचं ही तिथली वर्षानुवर्षांची रीत होती. नियमात ती बसत नव्हती, पण व्यवस्थापनाला ठाऊक होती आणि चालवून घेतली जात होती. दुसरा कंट्रोलर सव्वाअकराच्या सुमाराला उठून गेला. उरलेल्या सहायकाला विमानांना सूचना द्यायचा अधिकार नव्हता.

इथे मला थांबून एक गोष्ट सांगायची आहे. जर्मनीच्या विमान अपघात तपास संस्थेचा अहवाल मे २००४ मध्ये आला. कामाच्या लेखी सूचना होत्या, पण त्या कामाने कंट्रोलरच्या कोणत्या सोयी जाणार हे त्यांत लिहिलेलं नव्हतं, हे त्या अहवालात नोंदलेलं आहे. म्हणजे काम करणाऱ्या तंत्रज्ञांना यंत्र कळत होतं, कंट्रोलरला आकाश कळत होतं, आणि या दोघांच्या मधली जागा रिकामी होती. तो पडद्यासमोर बसला तेव्हा विमानं होती, पाट्या होत्या, उंचीचे आकडे होते. एसटीसीए चालू असतानाच्या शांत रात्रीही पडदा असाच दिसतो. इशारा नाही म्हणजे धोका नाही, असं समजायची सवय त्याला यंत्रानेच लावलेली होती.

साडेचार मिनिटं

बोइंग रात्री ११:२० च्या सुमाराला झुरिकच्या संपर्कात आलं. त्याने ३६,००० फुटांवर चढायची परवानगी मागितली, ११:२६ ला ती मिळाली, आणि ११:३० ला काही सेकंद कमी असताना ते त्या उंचीवर स्थिर झालं. तुपोलेवने पहिल्यांदा हाक दिली ती ११:३०:११ ला, तेही ३६,००० वरच होतं. बोइंग दक्षिणेकडून उत्तरेला, तुपोलेव पूर्वेकडून पश्चिमेला. दोघांच्या रेषा काटकोनात छेदत होत्या.

आकडे पडद्यावर होते, स्ट्रिपवरही होते. म्हणजे माहिती होती, आणि धडकेला अजून पाच मिनिटांहून जास्त वेळ होता. एका विमानाला हजार फूट खाली आणायला त्यातला थोडासाच पुरला असता. नेहमीच्या दिवशी हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

पण या वेळात तो कुठे होता? फ्रीडरिश्सहाफेनला उतरणारं एअरबस दुसऱ्या खुर्चीवर होतं. त्याला त्या विमानतळाच्या कंट्रोलरकडे सोपवायचं तर आधी फोन करावा लागतो. मुख्य लाइन बंद होती. त्याने पर्यायी फोन उचलला, नंबर लावला, लागला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. तो पुन:पुन्हा प्रयत्न करत राहिला.

या फोनकडे जरा जवळून बघा. फोन पूर्ण मेला असता, उचलल्यावर कानात काहीच आलं नसतं, तर त्याने दुसऱ्या क्षणी तो नाद सोडला असता आणि एअरबसला सांगितलं असतं की बाबा, तूच थेट तुझ्या विमानतळाशी बोल. पण अर्धवट बिघडलेली वस्तू माणसाला धरून ठेवते. लागेल, आता लागेल असं वाटत राहतं. प्रत्येक प्रयत्न दहा-वीस सेकंद खातो, आणि शिवाय डोकं खातो: मघाशी आकडा चुकला का? बटण दुसरं होतं का? आपल्यापैकी कुणीही रेंज नसलेल्या जागी हे केलेलं आहे. फक्त आपल्या पाठीमागे तेव्हा दोन विमानं एका उंचीवर नव्हती.

आणि नेमका तोच फोन दुसऱ्या बाजूनेही लागत नव्हता. कार्ल्सरूहच्या जर्मन केंद्रातल्या कंट्रोलरच्या पडद्यावर या दोन विमानांसाठी एसटीसीए पेटला होता, धडकेच्या सुमारे दोन मिनिटं आधी. ती विमानं त्याच्या ताब्यातली नव्हती, म्हणून त्याने झुरिकला फोन लावला. ११ वेळा प्रयत्न केला, एकदाही जोडला गेला नाही. जी गोष्ट झुरिकच्या पडद्याने त्या माणसाला दाखवायला हवी होती ती शेजारच्या देशात एकाला स्पष्ट दिसत होती, आणि दोघांच्या मधली तार तुटलेली होती. हे वाचताना माझ्या पोटात दर वेळी खड्डा पडतो.

शेवटची ५० सेकंदं

११:३४:४२. दोन्ही विमानांतल्या टीकास यंत्रणेने पहिला इशारा दिला: जवळ विमान आहे. टीकास जमिनीवर अवलंबून नसतं. विमानं आपसात सिग्नल पाठवून अंतर आणि उंची मोजतात आणि गरज पडली तर एकाला वर, एकाला खाली जायला सांगतात.

११:३४:४९. कंट्रोलर पहिल्या पडद्याकडे वळला होता, त्याला दिसलं. त्याने तुपोलेवला सांगितलं: ३५० वर उतरा, लवकर, आडवं विमान आहे. धडकेला ४३ सेकंद होते. त्याने स्वतःच्या डोळ्यांनी ओळखलं, कुठल्याही यंत्राच्या मदतीशिवाय. हे त्याच्या बाजूने नोंदून ठेवलं पाहिजे.

११:३४:५६. सात सेकंदांनी टीकासचा हुकूम आला. तुपोलेवला: वर जा. बोइंगला: खाली जा. बोइंग यंत्राचं ऐकून उतरू लागलं. तुपोलेव तोवर माणसाचं ऐकून उतरू लागलेलं होतं.

तुपोलेवच्या कॉकपिटमध्ये पाच जण होते. सहवैमानिकाने बोलून दाखवलं की हे यंत्र वर जायला सांगतंय. उत्तर आलं की तो आपल्याला खाली नेतोय. हा संवाद मला कुणाच्याही बेफिकिरीचा वाटत नाही. दोन आवाज, दोन्ही विश्वासाचे, दोन्ही उलट.

११:३५:००. झुरिकच्या कक्षात भोंगा वाजला, एसटीसीएचा, जो चालू होता तो. तो कुणीही ऐकला नाही.

११:३५:०३. पहिल्या सूचनेला तुपोलेवकडून उत्तर आलं नव्हतं, म्हणून कंट्रोलरने ती पुन्हा दिली आणि भर घातली: विमान तुमच्या दोनच्या दिशेला आहे. या वेळी उत्तर आलं. तुपोलेव उतरत होतं, कंट्रोलरच्या लेखी पेच सुटला होता, आणि एअरबस थांबलेलं होतं. तो दुसऱ्या खुर्चीकडे वळला.

११:३५:१९. बोइंगने रेडिओवर सांगितलं की टीकासच्या हुकमाने आम्ही उतरतोय. हे वाक्य कंट्रोलरपर्यंत पोचलं नाही. १३ सेकंदांनी धडक झाली.

दोन वाजता की दहा वाजता

वैमानिकाला दिशा घड्याळाच्या भाषेत सांगतात. नाकासमोर बारा, उजव्या पंखाला तीन, डाव्या पंखाला नऊ. बोइंग तुपोलेवच्या दहाच्या दिशेला, म्हणजे डाव्या हाताला होतं. कंट्रोलरने दोन सांगितलं, उजवा हात. तुपोलेवच्या माणसांना त्यांच्या टीकासच्या पडद्यावर विमान डावीकडे दिसत होतं. मग उजवीकडचं हे कुठलं? तिसरं आहे का? रात्रीच्या काळोखात, तीस सेकंद हातात असताना, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात टाकला गेला.

ही चूक मला फार बोलकी वाटते, कारण ती पडद्याच्या पोटातून आलेली दिसते. कंट्रोलरच्या पडद्यावर उत्तर नेहमी वर असते. तुपोलेव पूर्वेकडून पश्चिमेला, म्हणजे पडद्यावर उजवीकडून डावीकडे सरकत होतं. बोइंग खालून वर येत होतं. त्याची बाजू सांगण्यासाठी कंट्रोलरला मनातल्या मनात तुपोलेवमध्ये बसून, तोंड पडद्याच्या डावीकडे करून बघायचं होतं. करून बघा: कागदावर उजवीकडून डावीकडे बाण काढा, खालून वर दुसरा काढा, आणि पहिल्या बाणाच्या टोकावर उभं राहून सांगा, दुसरा कुठल्या हाताला आहे. शांतपणे केलं तर बरोबर येईल. शर्यतीत केलं तर निम्मे जण अडखळतील. चित्र मनात फिरवणं हे माणसाला जड जाणारं काम आहे आणि यंत्राला फुकट जमणारं. ते माणसाच्या गळ्यात ठेवायचं कारण काय, तर पूर्वीपासून तसंच चालत आलंय.

सिग्नल बिघडला की लाल

मुंबईत लोकलने फिरलेल्या माणसाला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही: सिग्नल बिघडला की गाडी थांबते. आपण घड्याळ बघून चडफडतो. पण त्या थांबण्यात पिढ्यांचं शहाणपण आहे. रेल्वेचा सिग्नल मुळात असा बांधलेला असतो की तार तुटली, वीज गेली, रिले अडकला, काहीही झालं तरी तो लाल पडावा. आणि दिवा पूर्ण विझलेला असेल तर मोटरमनने तो लालच समजायचा. न दिसणाऱ्या सिग्नलला ‘जा’ असा अर्थ तिथे कधीच मिळत नाही.

झुरिकच्या पडद्यावर त्या रात्री याच्या बरोबर उलट झालं. इशारा देणारी यंत्रणा बंद पडली आणि तिचं बंद पडणं हिरव्या दिव्यासारखं दिसलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला रचनेचा सर्वांत खोल दोष हाच आहे. यंत्रणा दुरुस्तीसाठी बंद ठेवावी लागते, ते टळणार नाही. पण ‘बघतोय, धोका नाही’ आणि ‘मी बघतच नाहीये’ या दोन अवस्था पडद्यावर सारख्या दिसता कामा नयेत.

हा दोष झुरिकपुरता नाही. ६ ऑगस्ट १९९७ रोजी कोरियन एअरचं बोइंग ७४७ गुआम बेटावर उतरताना टेकडीवर आदळलं आणि २२८ माणसं गेली. विमान जमिनीच्या फार जवळ आलं तर कंट्रोलरला सावध करणारी सोय तिथे होती. पण ती खोटे इशारे फार देते म्हणून तिची मर्यादा अशी बदलली होती की विमानतळाभोवतीच्या ५५ सागरी मैलांच्या वर्तुळातल्या आतल्या ५४ मैलांत ती गप्प राहावी. उरला एक मैलाचा कड. बंद करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. सारखा वाजणारा भोंगा माणूस ऐकेनासा होतो, हे खरंच आहे. पण गप्प केलेली यंत्रणा आपलं गप्पपण सांगत नाही, हा तिढा तिथेही तोच.

झुरिकच्या भोंग्याबद्दलही थोडं. भोंगा हे खरं तर नजर दुसरीकडे असलेल्या माणसासाठीचं साधन, पण त्याने सांगायचं काय? आवाज म्हणतो ‘काहीतरी’. कुठे, कोण, ते पडदा सांगतो. पडद्यावरचा अर्धा भाग काढून घेतला की उरलेला आवाज कक्षातल्या इतर आवाजांतला एक होतो. शिवाय तो वाजला तेव्हा कंट्रोलरने सूचना दिलेली होती आणि धडकेला ३२ सेकंद उरले होते.

यंत्रं एकमेकांशी बोलली, माणसं नाही

आता तो मोठा प्रश्न. टीकास आणि कंट्रोलर उलट बोलले तर कुणाचं ऐकायचं? २००२ मध्ये याचं जगभर एकच उत्तर नव्हतं. आंतरराष्ट्रीय नियम, देशांचे नियम, उत्पादकांच्या पुस्तिका यांत मेळ नव्हता, काही ठिकाणी त्या एकमेकांना छेद देत होत्या. अहवालाने हे अपघाताच्या मुळाशी असलेल्या कारणांत धरलं.

आणि याची घंटा आधी वाजलेली होती. ३१ जानेवारी २००१ रोजी जपानच्या किनाऱ्याजवळ जपान एअरलाइन्सची दोन विमानं धडकता धडकता वाचली. प्रशिक्षणार्थी कंट्रोलरने एकाऐवजी दुसऱ्याच विमानाचा क्रमांक घेऊन उतरायला सांगितलं. त्या विमानाच्या टीकासने वर जायला सांगितलं होतं, वैमानिकाने कंट्रोलरचं ऐकलं. दुसऱ्याने टीकासचं ऐकलं, तोही उतरला. युबरलिंगेनचंच नाटक, फक्त शेवटच्या क्षणी डोळ्यांनी दिसल्यामुळे ६७७ माणसं जिवंत राहिली. त्यानंतर १७ महिन्यांनी जर्मनीच्या आकाशात रात्र होती.

पडद्याच्या बाजूने बघितलं तर इथे आणखी एक भोक आहे. टीकासने विमानाला काय हुकूम दिला हे कंट्रोलरच्या पडद्यावर येत नव्हतं. ते त्याला वैमानिकाच्या तोंडूनच कळणार. म्हणजे संकटात सापडलेल्या, विमान सावरत असलेल्या माणसाने वेळ काढून, मोकळी फ्रिक्वेन्सी मिळवून, ते सांगायचं. बोइंगने सांगितलं, पण हुकमानंतर २३ सेकंदांनी. तुपोलेवने सांगितलंच नाही. त्या मधल्या वेळात कंट्रोलरच्या मनातलं आकाश आणि खरं आकाश वेगळं झालेलं होतं. त्याच्या आकाशात एकच विमान उतरत होतं.

आपल्या वाचकाला इथे चरखी दादरी आठवल्याशिवाय राहणार नाही. १२ नोव्हेंबर १९९६, दिल्लीच्या पश्चिमेला सौदी ७४७ आणि कझाक इल्युशिन ७६ यांची धडक, ३४९ मृत्यू. तेव्हा दिल्लीच्या कंट्रोलरकडे प्राथमिक रडार होतं. ठिपका दिसायचा, उंची दिसायची नाही. उंची वैमानिक सांगेल ती. कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबायचं होतं, ते त्याखाली उतरलं, आणि पडद्यावर ते दिसायला मार्गच नव्हता. त्या इल्युशिनमध्ये कंट्रोलरशी बोलणाऱ्या रेडिओ ऑपरेटरला स्वतःचा उंचीमापकही नव्हता, तो वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावून आकडा बघायचा. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या आयोगाने चौकशी केली, आणि पुढे भारताने मोठ्या विमानांना टीकास सक्तीचं केलं. दिल्लीला जी माहिती मुळात नव्हती ती झुरिकला होती. झुरिकला ती बघणाऱ्या डोळ्यांची आणि त्या डोळ्यांना हलवणाऱ्या इशाऱ्याची वाण होती.

पुढे

नोव्हेंबर २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने नियम स्पष्ट केला: टीकासचा हुकूम आला की कंट्रोलर काहीही म्हणो, तोच पाळायचा. टीकासच्या पुढच्या ७.१ आवृत्तीत, एक विमान उलट वागत असेल तर दुसऱ्याचा हुकूम फिरवण्याचं गणित सुधारलं. वैमानिकांना गोंधळात टाकणारा एक हुकूमही बदलला. पूर्वी यंत्र म्हणायचं, उभा वेग जुळवा. आता म्हणतं, सपाट व्हा. दोन साधे शब्द, पण घाबरलेल्या माणसाला कळतील असे. रात्री एकट्याने कक्ष चालवण्याची रीत झुरिकमध्ये बंद झाली.

त्या कंट्रोलरला हे काही बघायला मिळालं नाही. २४ फेब्रुवारी २००४ रोजी, अहवाल यायच्या आधीच, बायको आणि दोन्ही मुलं गमावलेल्या एका माणसाने त्याच्या दारात त्याला भोसकून मारलं. सप्टेंबर २००७ मध्ये स्विस न्यायालयाने स्कायगाइडच्या चार जणांना दोषी ठरवलं, त्यात तिघे व्यवस्थापक होते. त्या तिघांना स्थगित कारावास, चौथ्याला दंड. न्यायालयाने बोट खुर्चीवरच्या माणसाच्या पलीकडे नेलं, ते मला योग्य वाटतं.

टीकासचा हुकूम आपोआप कंट्रोलरच्या पडद्यावर आणायचा का, यावर मात्र एकमत झालेलं नाही. काही केंद्रांनी तो आणला आहे. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं असं की हुकूम आला की त्या विमानाची जबाबदारी कंट्रोलरकडे राहत नाही, मग आणखी एक पेटणारी पाटी त्याला कशाला? शिवाय ती बघून तो मध्ये बोलेल, ही भीती. मला ही भीती खोटी वाटत नाही. पण युबरलिंगेनच्या त्या २३ सेकंदांकडे बघितलं की मी दुसऱ्या बाजूला झुकतो. ‘आता गप्प बस, यंत्र बोलतंय’ हे कंट्रोलरला सांगायला पडद्यासारखी दुसरी जागा नाही. फक्त ती पाटी भोंगा न वाजवणारी हवी आणि तिचा अर्थ एकच हवा.

या प्रकरणाने माझ्या कामात एक गोष्ट कायमची बसवली. नवा पडदा तयार झाला की मी तो रोज वापरणाऱ्या माणसासमोर ठेवतो आणि मागून एकेक सोय बंद करत जातो: इशारा, फोन, पाटी जोडणं, दुसरी फ्रिक्वेन्सी. त्याला आधी काही सांगायचं नाही. प्रत्येक वेळी विचारायचं, आत्ता काय बंद आहे? त्याला मान न वळवता, कुठलाही कागद न बघता, दहा सेकंदांत सांगता यायला हवं. आणि हे दिवसा नाही करायचं. रात्रपाळीच्या चौथ्या तासाला करायचं, दुसरी खुर्ची रिकामी असताना.